लाइमनंतर अंगातून गरम वाफा येतात: कारण जंतू की हार्मोन, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६. दोन वर्षांपूर्वी गोचीड चावून लाइम, म्हणजे बोरेलिया जंतूंचा आजार, झाला, अंगावर गोल पुरळ उठलं, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला. आता काही महिन्यांपासून दिवसातून अनेकदा छातीतून मान-चेहऱ्याकडे गरम वाफ चढते, रात्री घामाने कपडे ओले होतात, पाळी पुढे-मागे होते आहे. लाइम परतला का? त्याच गोचिडीतून आलेला बॅबेसिया हा परजीवी अंगात राहून गेला का? की हे सगळं हार्मोनचं आहे, आणि तपासण्या कोणत्या कराव्यात?

वय आणि पाळीचं वर्णन पाहता पहिला संशय रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळावर, म्हणजे पेरिमेनोपॉजवर जातो. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. अशा तक्रारींत दोन्ही बाजूंनी चुका होतात. एकदा लाइमचं निदान झालं की नंतरचा प्रत्येक त्रास लाइमच्या नावावर जमा होतो आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू राहतात. उलट, बाई पंचेचाळिशीच्या पुढची असली की "पाळी जायची वेळ आली" असं सांगून तिला घरी पाठवलं जातं आणि खरोखरच ताप येत असेल तर तो कुणी मोजतच नाही. हा गोंधळ व्हायला एक साधं कारण आहे. लाइमचे रुग्ण दोन वयोगटांत जास्त सापडतात, लहान मुलं आणि पंचेचाळिशीनंतरची प्रौढ माणसं. म्हणजे अनेक स्त्रियांच्या आयुष्यात लाइम आणि रजोनिवृत्ती एकाच सुमारास येतात, दोन्हींचा एकमेकांशी संबंध असो वा नसो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे गरम वाफ आणि तापाचा घाम वेगळे करणं.

हार्मोनची गरम वाफ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुरू होते. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र तिथे आहे. इस्ट्रोजेन खाली-वर होऊ लागलं की तिथल्या काही चेतापेशी, ज्या न्यूरोकिनिन बी नावाचं रसायन सोडतात, त्या अतिसक्रिय होतात. मग तापमानात जरा फरक पडला तरी केंद्राला वाटतं की अंग तापलंय. त्वचेच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, छाती-मान-चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि घाम वाळताना थंडी वाजते. हा सगळा खेळ १ ते ५ मिनिटांचा. त्वचा तापलेली लागते, पण तोंडातलं तापमान ताप म्हणावा इतकं चढत नाही.

तापाच्या घामाचा क्रम उलटा असतो. आधी थंडी वाजते, अंग दुखतं, पांघरूण घ्यावंसं वाटतं. तापमान चढत जातं, काही तास टिकतं, आणि उतरताना भरपूर घाम येतो. बॅबेसियात ताप ४० अंश सेल्सियसपर्यंतही जाऊ शकतो. मलेरियाच्या काही प्रकारांत दिसणारा दिवसाआड ताप येण्याचा ठरावीक क्रम बॅबेसियात सहसा नसतो. म्हणून "माझा घाम ठरावीक दिवशी येत नाही, म्हणजे परजीवी नाही" हा तर्क चुकीचा आहे. थंडी आधी की नंतर, हा प्रश्न स्वतःला रोज विचारा. एवढ्या एका उत्तराने अर्धं निदान होतं.

उरलेलं अर्धं थर्मामीटर सांगतो. डिजिटल थर्मामीटर उशाशी ठेवा. वाफ सुरू झाली की लगेच जिभेखाली तापमान घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. त्याआधीच्या अर्ध्या तासात गरम किंवा थंड काही प्यायलं असेल तर आकडा धरू नका. रोज संध्याकाळी ४ ते ६ च्या दरम्यान एक नोंद वेगळी घ्या, कारण शरीराचं तापमान दिवसात त्याच सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि बारीक ताप तेव्हा सापडतो. नोंदीच्या दिवसांत पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेतलं असेल तर त्याची वेळ लिहा, नाहीतर झाकलेला ताप दिसणारच नाही. वहीत इतके रकाने पुरेत: वेळ, तापमान, थंडी आधी की नंतर, किती मिनिटं टिकलं, कपडे बदलावे लागले का, पाळीचा कितवा दिवस, त्या दिवशीची औषधं. पाळी अनियमित असेल तर सहा आठवडे तरी लिहा.

वही वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं मूळ तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वर जातं आणि पाळी येईपर्यंत वरच राहतं. पाळीआधीच्या दोन आठवड्यांतले ३७.२ किंवा ३७.३ हे आकडे म्हणजे ताप नव्हे. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही घसरतात, म्हणून वाफा नेमक्या त्या चार-पाच दिवसांत वाढतात. लाइमच्या अनेक स्त्री-रुग्ण पाळीआधी सगळंच वाढतं असं सांगतात, सांधे दुखतात, झोप जाते, घाम येतो. हा अनुभव खरा असतो. पण त्याचा अर्थ जंतू महिन्यातून एकदा जागे होतात असा होत नाही. हार्मोन घसरल्यावर झोप बिघडते आणि वेदना जास्त जाणवते, एवढं स्पष्टीकरण त्याला पुरतं.

३८ अंश किंवा त्याहून जास्त तापमान दोनदा नोंदलं गेलं तर मात्र वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला द्या.

रक्तात काय पाहायचं? बॅबेसिया लाल पेशींत शिरतो आणि त्या फोडतो, त्याच्या खुणा साध्या तपासण्यांत उमटतात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कमी; लाल पेशी फुटल्याचं दाखवणारे आकडेही बदललेले, म्हणजे एलडीएच जास्त, हॅप्टोग्लोबिन कमी, बिलिरुबिन थोडं वाढलेलं. सोबत यकृताची एंझाइम पाहावीत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, यकृताची एंझाइम वाढलेली आणि जोराचा ताप, असं चित्र असेल तर गोचिडीतूनच येणाऱ्या ॲनाप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूचा विचार करावा. तो मात्र दोन वर्षांनी डोकं वर काढत नाही, चावल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि डॉक्सिसायक्लिनने वेगाने आटोक्यात येतो. बॅबेसियावर डॉक्सिसायक्लिन पुरेसं काम करत नाही. म्हणूनच लाइमचा कोर्स नीट होऊनही बॅबेसिया मागे राहू शकतो, आणि तुमची शंका रास्त आहे.

बॅबेसिया पक्का करायचा तर रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो किंवा पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, करावी लागते. परजीवी थोडे असतील तर एका स्मिअरमध्ये सुटतात, म्हणून संशय बळकट असेल तर काही दिवसांत दोन-तीनदा स्मिअर करावा. पीसीआर जास्त संवेदनशील आहे. स्मिअर वाचणाऱ्याला बॅबेसियाचा संशय आहे हे कागदावर लिहून द्या, कारण लाल पेशींतल्या त्या कड्या मलेरियासारख्याच दिसतात. मलेरियाच्या भागात राहणं किंवा प्रवास झाला असेल तर मलेरियाही तपासावाच लागतो. नुसत्या अँटिबॉडीच्या अहवालावर उपचार सुरू करू नयेत. आयजीजी अँटिबॉडी पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची खूण असते आणि महिनोन्‌महिने टिकते.

पीसीआर किंवा स्मिअर पॉझिटिव्ह आणि लक्षणंही आहेत, तर प्रौढांसाठी नेहमीचा उपचार म्हणजे ॲटोव्हाक्वोन ७५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी आणि ॲझिथ्रोमायसिन पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, नंतर रोज २५० मिलिग्रॅम, असे ७ ते १० दिवस. ॲटोव्हाक्वोन रिकाम्या पोटी घेतलं तर फारसं शोषलं जात नाही. ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबतच घ्यायचं. उपचार फसण्याची अनेक कारणं असतात, पण हे कारण टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे. प्लीहा काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आजार गंभीर होऊ शकतो. उपचारही बराच लांबतो, किमान सहा आठवडे, आणि तो रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

सहा आठवड्यांत एकदाही ताप नाही, सीबीसी, एलडीएच, हॅप्टोग्लोबिन सगळं नीट, पीसीआर निगेटिव्ह, असं असेल तर तुमच्या घामाचं कारण बॅबेसिया नाही असं मी मानेन आणि पुढे जाईन.

बार्टोनेला या जीवाणूचं नाव घामाच्या संदर्भात वारंवार घेतलं जातं. बार्टोनेला हेन्सेली माणसात मुख्यतः मांजराच्या ओरखड्यातून येतो. चावणाऱ्या गोचिडीतून तो माणसाला होतो याला भक्कम पुरावा नाही. मांजर ओरखडलं असेल, लसिका ग्रंथी सुजल्या असतील किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असून ताप येत असेल तर तपासा. एरवी त्याच्यामागे पैसा आणि वेळ घालवू नका.

लाइम परतला का, याचं उत्तर रक्ताची चाचणी पुन्हा करून मिळत नाही. बोरेलियाच्या अँटिबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येणं अपेक्षितच आहे. आयजीएम ही संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारी अँटिबॉडी तर आजाराच्या पहिल्या ३० दिवसांतच विचारात घ्यायची असते. दोन वर्षांनी एकटी आयजीएम पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर निदान उभं करता येत नाही. नवीन लाइमची मुख्य खूण म्हणजे नवीन चाव्यानंतर उठलेलं ५ सेंटिमीटरहून मोठं, पसरत जाणारं नवीन पुरळ. जुना लाइम सक्रिय राहिल्याची चिन्हं डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी असतात: सुजलेला गुडघा, चेहऱ्याचा अर्धांगवायू, ईसीजीत हृदयाच्या ठोक्यातला अडथळा. नुसती गरम वाफ त्यांत बसत नाही.

काहींना औषध चालू असताना घाम येतो आणि तो जंतू मरत असल्याची खूण म्हणून सांगितला जातो. यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया खरी आहे. लवकरच्या लाइममध्ये काही रुग्णांत ती पहिल्या डोसनंतर २४ तासांच्या आत येते, ताप, थंडी, अंगदुखी घेऊन, आणि एक-दोन दिवसांत निवळते. तिसऱ्या आठवड्यात किंवा तिसऱ्या महिन्यात येणाऱ्या घामाला हे नाव लावणं बरोबर नाही. तो घाम दुसऱ्या कुठल्या तरी कारणाचा आहे आणि ते कारण शोधायला हवं.

लाइममुळे हार्मोन बिघडतात का, हाही तुमच्या प्रश्नात दडलेला प्रश्न आहे. बोरेलिया अंडाशयात किंवा थायरॉइडमध्ये ठाण मांडून हार्मोन बिघडवतो असं म्हणायला पुरावा नाही. कुठलाही मोठा आजार, वजन घटणं, सततची वेदना आणि अपुरी झोप मात्र हायपोथॅलॅमसला दाबते. पाळी लांबते किंवा चुकते, थायरॉइडचं टी३ हे हार्मोन तात्पुरतं खाली येतं. आजार ओसरला की हे आकडे आपोआप सावरतात. म्हणून तीव्र आजारपणातच हार्मोनच्या तपासण्यांची मोठी यादी करून घेऊ नका, ते आकडे दिशाभूल करतात.

४५ च्या पुढे, पाळी अनियमित आणि गरम वाफा, एवढ्यावर पेरिमेनोपॉजचं निदान होतं. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, तपासायची गरज नसते. या काळात एफएसएच आठवड्याआठवड्याला बदलतं, आज ४० आणि पुढच्या महिन्यात ८ येऊ शकतं. नॉर्मल आकड्यामुळे "हार्मोन ठीक आहेत" असा चुकीचा दिलासा मिळतो. चाळिशीच्या आतल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिच्या पाळ्या चार महिने चुकल्या किंवा फार लांबल्या असतील तर एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) करायलाच हवं. एफएसएच २५ च्या वर असेल तर अंडाशय वेळेआधी थकल्याचा संशय असतो आणि खात्री नसेल तर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएचचा आकडा निरर्थक आहे. आणि पाळी चुकली की आधी गर्भधारणेची चाचणी. पेरिमेनोपॉजमध्येही गर्भ राहतो, आणि डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात शक्यतो टाळतात.

टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉइडच्या तपासण्या प्रत्येकीच्या कराव्यात, कारण थायरॉइड जास्त चालला तरी असाच घाम येतो, उष्णता सोसवत नाही, छाती धडधडते. इथे एक नेहमीचा सापळा आहे. केसांसाठी किंवा थकव्यासाठी घेतलेल्या पूरक गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असतं, ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणी-पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसतं. थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं आणि निरोगी माणसाला थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्या सुरू होऊ शकतात. रक्त देण्याआधी बायोटिन किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा.

कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं हार्मोन, सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातून पाहतात, तेही वजन घटतंय, रक्तदाब कमी राहतोय, सोडियम कमी आहे किंवा आधी बराच काळ स्टेरॉइड घेतलंय तरच. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर ॲड्रिनल ग्रंथी कमी पडत असल्याचा दाट संशय असतो. दिवसातून चार वेळा लाळ तपासून "ॲड्रिनल थकल्या" असं निदान देतात, ते वैद्यकात मान्य असलेलं निदान नाही. त्यावर विकल्या जाणाऱ्या ग्रंथींच्या अर्काच्या गोळ्यांत खरं हार्मोन मिसळलेलं सापडलेलं आहे. त्या घेऊ नका. तोंडाने इस्ट्रोजेन घेत असाल तर एकूण कॉर्टिसॉल खोटं जास्त येतं, हेही डॉक्टरांना सांगा.

आता औषधांकडे या, कारण माझ्या मते ही बाजू सगळ्यात दुर्लक्षित राहते. घाम आणणारी औषधं बरीच आहेत: व्हेनलाफॅक्सिन आणि सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, जास्त झालेलं थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी), नायसिन (व्हिटॅमिन बी३). क्विनाइन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रक्तातली साखर उतरवू शकतात, तेव्हाही दरदरून घाम फुटतो. त्या क्षणी ग्लुकोमीटरने साखर पाहा.

सगळ्यात जास्त घोळ रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक करतं. बार्टोनेलाच्या संशयावरून काही ठिकाणी ते महिनोन्‌महिने दिलं जातं. ते यकृतातली औषधं मोडणारी एंझाइम वाढवतं. गर्भनिरोधक गोळी निकामी होते, हार्मोन थेरपीतलं इस्ट्रोजेन भराभर मोडतं, थायरॉक्सिनचा डोस अपुरा पडतो, ॲटोव्हाक्वोनची पातळीही घसरते. ज्यांना हायड्रोकॉर्टिसोनवर अवलंबून राहावं लागतं त्यांच्यात ॲड्रिनल संकट, म्हणजे कॉर्टिसॉलची जीवघेणी कमतरता, ओढवू शकतं. थांबलेल्या गरम वाफा रिफॅम्पिसिन सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत परतल्या, सोबत मधेच रक्तस्राव झाला, तर जंतूंना दोष देण्याआधी हे कारण तपासा.

डॉक्सिसायक्लिनमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होत नाही, पण उलट्या-जुलाब झाले तर गोळी शोषली जाणार नाही. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांच्यापासून डॉक्सिसायक्लिन दोन-तीन तास दूर ठेवा. थायरॉक्सिन आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं.

कारण हार्मोनचंच ठरलं तर त्रास सोसत बसू नका, उपाय चांगले आहेत. लाइम होऊन गेलाय एवढ्या कारणाने हार्मोन थेरपी नाकारली जाऊ नये. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील तर बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा जोखमीपेक्षा जास्त असतो. मी त्वचेवर चिकटवायच्या पॅचला पसंती देईन. इस्ट्रॅडिऑल दिवसाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच रक्तात गुठळी होण्याचा धोका गोळीइतका वाढवत नाही आणि थायरॉक्सिनचा हिशोबही बिघडवत नाही. इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावं लागतं. गर्भाशय शाबूत असेल तर प्रोजेस्टेरॉन सोबत घ्यावंच लागतं, रोज रात्री १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातून १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, चालू असलेला यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ही वाट घ्यायची नाही.

ज्यांना हार्मोन थेरपी घेता येत नाही त्यांच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन ३७.५ ते ७५ मिलिग्रॅम आहे. एरवी घाम आणणारं हे औषध गरम वाफा मात्र कमी करतं. घामच मुख्य त्रास असेल तर ते पहिली निवड नसावं. रात्रीच्या वाफांना गॅबापेंटिन झोपताना ३०० मिलिग्रॅम चांगलं लागू पडतं, झोपही सुधारते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट थेट न्यूरोकिनिन बीचा मार्ग रोखतं, रोज ४५ मिलिग्रॅम. त्याने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरचे काही महिने यकृताची तपासणी लागते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत ते घेता येत नाही. ब्लॅक कोहोशसारख्या वनस्पतींच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ॲटोव्हाक्वोन किंवा रिफॅम्पिसिन चालू असताना त्या घेणं मला अजिबात मान्य नाही.

पुरुषांनाही असा घाम येतो. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन सकाळी १० च्या आत, दोन वेगळ्या दिवशी पाहावं, आणि आजारातून उठल्यावर, आजारातच नव्हे.

गरम वाफांबरोबर उभं राहिल्यावर छाती धडधडत असेल तर घरीच एक मोजणी करा. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दर मिनिटाला दहा मिनिटं मोजा. नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब घसरला नाही, तर संसर्गानंतर दिसणारा पॉट्स, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार, असू शकतो. त्याचा उपचार पाणी, मीठ, दाब देणारे मोजे आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम असा वेगळाच आहे.

पॅचचा परिणाम चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण अंदाज यायला तीन महिने लागतात. तीन महिने पुरेसा डोस घेऊनही रात्रीचा घाम तसाच राहिला, किंवा सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, मानेत किंवा काखेत गाठ लागली, खोकला हटत नाही, तर डोस वाढवू नका आणि लाइमच्या चाचण्यांकडेही वळू नका. त्या वेळी क्षयरोग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), हृदयाच्या झडपेचा संसर्ग आणि एचआयव्ही यांसाठी छातीचा एक्स-रे, रक्ताचं कल्चर, सीबीसी आणि संबंधित तपासण्या त्याच आठवड्यात करून घ्या.